एल्फिन्स्टनची पुतणी आणि घरातली खिडकी

नवा फोन घेतला की आपला पहिला प्रश्न ठरलेला : कॅमेरा किती मेगापिक्सेल? आणि मग त्याच पन्नास हजारांच्या फोनने रात्री दहा वाजता, ट्यूबलाइटखाली आईचा फोटो काढायचा. डोळ्यांखाली काळं, चेहरा निस्तेज. वर म्हणायचं, कॅमेऱ्यात दम नाही!

अशा वेळी मला लेडी क्लेमेंटिना हॉवर्डन आठवतात. जन्म १८२२, स्कॉटलंड. माहेरचं आडनाव एल्फिन्स्टन फ्लेमिंग. काही क्लिक झालं? मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते या बाईंचे सख्खे काका. (काका पेशव्यांच्या भानगडीत, पुतणी फोटोग्राफीच्या :))

१८५९ मध्ये बाई लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या घरी राहायला आल्या आणि पहिल्या मजल्याचाच स्टुडिओ केला. स्टुडिओ म्हणजे काय, तर जवळजवळ रिकाम्या खोल्या, गॅलरीकडे उघडणारी मोठी काचेची दारं आणि एक उभा आरसा. मॉडेल कोण? घरच्याच मुली.

तंत्र होतं ओल्या कोलोडियनचं. काचेला रसायन लावा, चांदीच्या द्रावणात बुडवा, ती वाळायच्या आत फोटो काढा आणि लगेच धुवा. सगळा खेळ काही मिनिटांचा. एक्स्पोजर काही सेकंदांचं, तेवढा वेळ पोरीने हलायचं नाही. फ्लॅश नाही, दिवे नाहीत. जो काय उजेड तो खिडकीतून येणार, म्हणून मग बाईंनी खिडकीचाच अभ्यास केला. मुलीला दाराशी आडवं उभं केलं की अर्धा चेहरा उजळतो, अर्धा सावलीत जातो आणि नाकडोळे उठून दिसतात. आरसा ठेवला की तोच उजेड परत फिरतो, शिवाय पाठमोरी मुलगीही फोटोत येते.

माझ्या मते यातलं सगळं आपल्या वन बीएचकेमध्ये चालतं. फोनचा सेन्सर नखाएवढा. उजेड कमी पडला की तो सिग्नल फुगवतो, त्याबरोबर नॉइजही फुगतो. तेव्हा सकाळी ट्यूब बंद करा, कारण दोन रंगांच्या उजेडात फोन गोंधळतो. आईला खिडकीपासून दोन हातांवर, खिडकी कुशीला येईल अशी बसवा. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा, आपला गरिबांचा आरसा. मागे वाळत घातलेले कपडे असतील तर ते आधी काढा! खिडकी पाठीमागेच येत असेल तर स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे फोन चेहऱ्याचा उजेड मोजतो. आणि लेन्स पुसा हो, रोज खिशातला घाम लागतो तिला.

लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने बाईंना १८६३ आणि १८६४, अशी दोन वर्षं रौप्यपदकं दिली. जानेवारी १८६५ मध्ये न्यूमोनियाने त्या गेल्या. वय अवघं बेचाळीस. हातात मिळाली जेमतेम सात-आठ वर्षं, आणि त्यात आठशेच्या वर फोटो. आपण तेवढे एका गोवा ट्रिपमध्ये काढतो, पण त्यातला आईचा धड एक तरी असतो का?

१९३९ मध्ये नातीने ७७५ फोटो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला दिले. बहुतेकांचे कोपरे फाटलेले आहेत, कारण ते घरच्या अल्बममधून ओढून काढलेले. म्युझियमच्या साइटवर बघायला मिळतात. आरशापाशी उभी असलेली मुलगी नक्की शोधा.