‘हायलाइफ’ : दाराबाहेरच्यांनी ठेवलेले नाव

आजचा घाना देश ब्रिटिशांच्या ताब्यात ‘गोल्ड कोस्ट’ म्हणून ओळखला जात होता, तेव्हाची ही गोष्ट. १९२०च्या दशकात तेथील किनारी शहरांतील क्लबांमध्ये वकील, व्यापारी, सरकारी अधिकारी अशा मोजक्या मंडळींसाठी नृत्याच्या मैफली रंगत. प्रवेशमूल्य सामान्यांना न परवडणारे आणि पोशाख पाश्चात्त्य थाटाचा. दाराबाहेर रस्त्यावर उभे राहून ऐकणाऱ्यांनी आतल्या या बडेजावाला ‘हायलाइफ’ म्हणायला सुरुवात केली आणि हेच नाव पुढे संगीताला चिकटले. नाव बाहेरच्यांनी दिले. गंमत म्हणजे सूरही बरेचसे बाहेरूनच आले होते.

लायबेरियाच्या क्रू जमातीच्या खलाशांनी अंगठा आणि तर्जनीने गिटार छेडण्याची शैली बंदराबंदरांत पोहोचवली. वेस्ट इंडीजमधून आलेल्या लष्करी पलटणींनी ब्रासबँडवर कॅरिबियन चाली वाजवल्या. त्यात फान्टे, अकान, गा या समाजांचे ताल मिसळले. १९२८ मध्ये कुमासी त्रयीने लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘या आम्पोन्सा’ हे या गिटार परंपरेचे मूळ मानले जाते. त्याची स्वरचौकट आजही वापरात आहे.

क्लबातल्या हायलाइफला खऱ्या अर्थाने सीमेपार नेले ते ई. टी. मेन्सा (१९१९-१९९६) यांनी. व्यवसायाने औषधनिर्माते असलेले मेन्सा ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवत. त्यांच्या ‘टेम्पोज’ या वाद्यवृंदात अमेरिकी स्विंग, कॅलिप्सो आणि क्यूबन तालवाद्ये एकत्र नांदली. १९५०च्या दशकात या वाद्यवृंदाने नायजेरियाचे दौरे केले आणि तिथल्या बँडवाल्यांचा बाजच बदलला. बॉबी बेन्सन, व्हिक्टर ओलैया, रेक्स लॉसन ही त्यानंतर गाजलेली नावे. ओलैयांच्या वाद्यवृंदात उमेदवारी केलेला एक तरुण, फेला कुटी, पुढे ‘आफ्रोबीट’चा जनक ठरला. १९५६ मध्ये लुई आर्मस्ट्राँग आक्रात आले, तेव्हा मेन्सा त्यांच्यासोबत वाजवले. पुढच्याच वर्षी घाना स्वतंत्र झाला.

सूर सीमा ओलांडत होते. माणसांना मात्र ते तितके सोपे राहिले नाही. नायजेरियातील १९६७ ते १९७०च्या यादवी युद्धात अनेक इग्बो वादकांना लागोस सोडून पूर्वेकडे परतावे लागले. लागोसच्या क्लबांमधील त्यांची जागा योरुबा समाजाच्या ‘जुजू’ संगीताने घेतली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे प्रिन्स निको म्बार्गा. वडील कॅमेरूनचे, आई नायजेरियाची. १९७६ मध्ये त्यांच्या ‘रोकाफिल जॅझ’ने ओनित्शा येथून ‘स्वीट मदर’ हे गीत प्रसिद्ध केले. कोणत्याही एका जमातीच्या भाषेऐवजी त्यांनी पिजिन इंग्रजी निवडली आणि नायजेरियन हायलाइफवर काँगोली गिटारीची लकब चढवली. आईविषयीच्या या साध्या गाण्याच्या प्रती कोटीहून अधिक खपल्याचे सांगितले जाते. २००४ मध्ये बीबीसीने घेतलेल्या कौलात ते आफ्रिकेचे सर्वाधिक लाडके गीत ठरले. आणि तरीही बँडमधल्या कॅमेरूनी वादकांची नायजेरियातून हकालपट्टी झाली, तेव्हा त्या वाद्यवृंदाची घडी मोडली ती मोडलीच. १९९७ मध्ये मोटारसायकल अपघातात म्बार्गा यांचे निधन झाले.

घानात तोवर वेगळेच संकट आले होते. १९८१च्या अखेरच्या लष्करी उठावानंतर दोन वर्षांहून अधिक काळ रात्रीची संचारबंदी होती, आणि रात्रीवर जगणारे बँड बसून राहिले. १९८३ मध्ये नायजेरियानेही लाखो घानावासीयांना परत पाठवले. उरलेल्या वाटा दोन : चर्च किंवा युरोप. चर्चच्या प्रार्थनांतून ‘गॉस्पेल हायलाइफ’ रुजले. तर जर्मनीत पोहोचलेल्या वादकांनी सिंथेसायझर आणि डिस्कोच्या साथीने जो प्रकार घडवला, त्याला ‘बर्गर हायलाइफ’ म्हणतात. जॉर्ज डार्को यांचे १९८३चे ‘आकू ते ब्रोफो’ हे त्याचे पहिले मोठे यश. बर्गर हा शब्द इथे खाद्यपदार्थाचा नव्हे. हॅम्बुर्गसारख्या जर्मन शहरांत राहून गावी परतणाऱ्यांना घानात ‘बर्गर’ म्हणत.