सुतारमेट

सुतारमेट म्हणजे सुताराची काम करण्याची जागा. पूर्वी हा शब्द गावातील सुताराच्या छपरासाठी वापरला जाई. प्रस्तुत लेखात त्याचा विचार घरातील खोली, पडवी किंवा शेडमध्ये उभारलेल्या लहान कार्यशाळेच्या अंगाने केला आहे. अशा जागेतील मेज, फडताळे आणि मांडण्या सुतार बहुधा स्वतःच तयार करतो. त्यांची रचना काम करण्याची बैठक, उपलब्ध लाकूड आणि स्थानिक हवामान यांवर अवलंबून असते. येथील विवेचन मुख्यतः खानदेशाला, म्हणजे जळगाव व धुळे परिसराला धरून आहे.

पार्श्वभूमी

सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, वखर, तिफण आणि बैलगाडी यांच्या दुरुस्तीबद्दल त्याला सुगीत धान्याच्या रूपाने बलुते मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे वर्णन आहे. हा सुतार जमिनीवर बसून काम करी. जमिनीत रुतवलेला लाकडी ठोकळा हेच त्याचे मेज आणि पायाची बोटे हाच त्याचा शेगडा. वाकस, करवत, रंधा, पटाशी, गिरमिट ही हत्यारे एका पेटीत किंवा गोणपाटात मावत व हाताच्या अंतरावर राहत. फर्निचर जवळजवळ लागतच नसे. या पद्धतीला मागासलेली म्हणणे योग्य नाही; लाकडाची पकड पायाने क्षणात बदलता येते. मात्र वाकसाचा घाव चुकला तर पाय जायबंदी होतो, आणि वर्षानुवर्षे वाकून बसल्याने कंबर व गुडघे दुखावतात. उभ्याने काम सुरू झाले की मेज लागते, आणि जमिनीवरची हत्यारे भिंतीवर चढतात.

कामाचे मेज

मेजाची उंची काम करणाऱ्याच्या शरीरावरून ठरवतात. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मनगट जेथे येते, ती उंची सर्वसाधारण कामास सोयीची असते. बहुतेकांच्या बाबतीत ती ८० ते ९० सेंमी भरते. रंधा मारण्याचे काम अधिक असल्यास मेज थोडे खाली घ्यावे, म्हणजे शरीराचा भार रंध्यावर येतो. बारीक सांधेकामासाठी ते वर हवे.

मेज जड असणे महत्त्वाचे आहे. हलके मेज रंध्याबरोबर सरकते. पाय व आडवे दांडे बाभळीचे करता येतात. हे लाकूड कठीण व चिवट असल्याने गाडीच्या चाकांसाठी वापरले जाई. अंजन त्याहून जड असून पाण्यात बुडते, पण त्यावर पटाशी लवकर बोथट होते. दांडे पायांत खाच व कुसू यांच्या सांध्याने बसवावेत. नुसत्या खिळ्यांचा सांधा काही महिन्यांत डुलू लागतो. वरची फळी किमान ५ सेंमी जाड असावी. तिच्याखालची सुमारे १० सेंमी जागा मोकळी सोडल्यास शिकंजे लावता येतात. नवशिके नेमकी हीच जागा खणांनी भरून टाकतात.

हवामानाचा परिणाम

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील धरणगावच्या परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व हवा अत्यंत कोरडी होते. पावसाळ्यात तीच हवा दमट असते. त्यानुसार लाकूड आकसते आणि फुगते, तेही मुख्यतः रुंदीत. सागवान याबाबत स्थिर मानले जाते. तरीही आर्द्रतेत ५ टक्क्यांचा फरक पडल्यास ६० सेंमी रुंदीच्या सागवानी फळीजोडात सुमारे ५ ते ६ मिमी फरक पडू शकतो. म्हणून वरची फळी चारही बाजूंनी आवळून न टाकता स्क्रूची भोके लांबट ठेवतात, अन्यथा ती तडकते. उन्हाळ्यात हत्यारांचे दांडेही सैल होतात. ते पाण्यात भिजवून घट्ट करण्याचा उपाय तात्पुरता असतो; वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा सैल होतो. पाचर ठोकणे चांगले.

साठवण

पक्क्या विटांच्या भिंतीवर तिरप्या कापाच्या पट्ट्यांची पद्धत सोयीची ठरते. १८ मिमी प्लायवूडची पट्टी लांबीच्या दिशेने ४५ अंशांत चिरून दोन भाग करतात. एक भाग तिरपी कड वर व भिंतीकडे उतरती ठेवून भिंतीत पक्का करतात, दुसरा पेटीच्या पाठीवर उलटा बसवतात. पेटी नुसती अडकवता आणि हवी तेथे हलवता येते. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंतीत मात्र स्क्रूची पकड टिकत नाही. तेथे जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभी राहणारी मांडणी करावी व तिच्या पाठीवर हत्यारे टांगावीत. पटाश्यांची पाती खाचेत झाकलेली असावीत.

फळ्या आडव्या रचून प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवतात. आधार साधारण ६० सेंमीवर असावेत, नाहीतर फळ्यांना बाक येतो. वाळवीपासून बचावासाठी सर्वांत खालचा थर जमिनीपासून किमान १५ सेंमी वर आणि भिंतीपासून सुटा ठेवतात. प्लायवूडचे ८ × ४ फुटी तक्ते जागेअभावी उभे ठेवावे लागतात. ते कललेले न ठेवता शक्य तितके सरळ उभे करावेत.

आरोग्य व आग

लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला आहे. नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी तिचा संबंध विशेष आढळतो. त्यामुळे घरातील कार्यशाळेत उघड्या फडताळांपेक्षा दारे असलेली कपाटे बरी. उघड्या फळीवर साचलेली धूळ प्रत्येक हालचालीने पुन्हा हवेत मिसळते. जवसाचे तेल लावण्यासाठी वापरलेल्या चिंध्यांचा बोळा कधीही कपाटात टाकू नये. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि ठिणगी नसतानाही तो पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवतात किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवतात.