पेरोव्हस्काइट सौरघट : स्फटिकदोष व त्यांचे निवारण

पेरोव्हस्काइट घडणीच्या स्फटिकाचा प्रकाशशोषक थर असलेले सौरघट आणि त्या थरातल्या उणिवा कमी करण्याच्या रीती. मूळ पेरोव्हस्काइट हे उरल पर्वतात सापडलेले कॅल्शियम टायटनेटचे खनिज. गुस्टाफ रोझे यांनी १८३९ मध्ये त्याला ल्येव पेरोव्हस्की या रशियन खनिजसंग्राहकाचे नाव दिले. सौरघटात हे खनिज नसते; घडण तीच, पण द्रव्य शिसे, आयोडीन आणि बहुधा एखादा सेंद्रिय आयन. जपानमधील त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये असा घट केला, तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतल्या चिमुकल्या घटांनी २६ टक्के ओलांडले आहेत.

दोष कसे राहतात : काचेवर पिवळसर द्रावण टाकून ती मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी गरगर फिरवतात, फिरतानाच वरून क्लोरोबेंझिनसारखा दुसरा द्रव सोडतात आणि काच सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या हॉटप्लेटवर ठेवतात. पिवळट पापुद्रा बघता बघता काळपट तपकिरी होतो. जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन. सिलिकॉन वितळायला १,४०० अंशांवरची भट्टी लागते. इथे चहाच्या आधणाइतक्या तापमानात काम उरकते. इतक्या घाईत जमलेल्या स्फटिकात चुका राहणारच. कुठे आयोडीनची जागा रिकामी राहते, कुठे तो नको तिथे घुसतो. कणांच्या शिवेवर आणि पृष्ठभागावर शिशाचे आयन जोडीदाराविना उरतात. प्रकाशाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन अशा दोषामुळे पडलेल्या ऊर्जेच्या खळग्यात अडकला की बाहेरच्या मंडलात पोचण्याआधीच त्याची ऊर्जा उष्णतेत वाया जाते. नवल असे, की यातले बरेच खळगे उथळ असतात आणि इलेक्ट्रॉन पुन्हा वर येतो. म्हणून इतका गबाळा स्फटिकही चालतो.

नागपूर आणि खळग्यांचा अभ्यास : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एस. व्ही. मोहरील, संजय ढोबळे आदींनी फॉस्फर, म्हणजे दीप्तिमान पदार्थांवर, दीर्घकाळ काम केले. किरणोत्सर्ग मोजण्याचे फॉस्फर हा त्यातला एक भाग. या विद्येत दोष मुद्दाम पेरतात. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यात डिस्प्रोशियम मिसळलेले कॅल्शियम सल्फेट असते. सुटे झालेले इलेक्ट्रॉन त्याच्या खोल खळग्यांत महिनोन्‌महिने पडून राहतात आणि बिल्ला तापवला की प्रकाशरूपाने मात्रेचा हिशेब देतात. सौरघटाला नेमका असा खोल खळगा नडतो.

सौरघटातले दोष मोजण्याची रीतही दीप्तीचीच. पापुद्र्यावर प्रकाश टाकून तो स्वतः किती उजळतो ते पाहतात. उजळण्याचे प्रमाण दहापट घटले, की खोलीच्या तापमानाला सुमारे ६० मिलिव्होल्ट गमावले जातात. चांगला सौरघट चांगला दिवाही असतो, हे ऐकायला उलटे वाटते, पण खरे आहे.

निवारण : ऑक्सफर्डच्या हेन्री स्नेथ यांच्या गटाने २०१४ मध्ये पिरिडीन व थायोफीन यांचा हात फिरवून पाहिला, हे रेणू आपली इलेक्ट्रॉनजोडी एकट्या पडलेल्या शिशाला देतात. पुढे २०१९ मध्ये चीनमधील एका गटाने पृष्ठभागावर फेनेथिलअमोनियम आयोडाइडचा लेप देऊन २३ टक्क्यांवर मजल मारली. तरी लगतच्या थरांशी होणाऱ्या सांध्यावरची गळती अनेकदा कणसीमांपेक्षा जास्त भरते. तिथे एका रेणूइतक्या जाडीचे अस्तर लावतात.

टिकाऊपणा : आयोडीनच्या रिकाम्या जागा म्हणजे आयनांना सरकायला वाटा, म्हणून दोष बुजवले की आयुष्यही वाढते. उरतो उन्हाचा प्रश्न. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो. गच्चीवरचे पॅनेल तर हवेपेक्षा २५-३० अंशांनी जास्त तापते. मिथाइलअमोनियम हा सेंद्रिय आयन असलेले लेड आयोडाइड सुमारे ५४ अंशांना स्फटिकरूप बदलते. म्हणजे नागपुरी उन्हाळ्यात हा उंबरठा रोज दोनदा ओलांडला जाणार. फॉर्मामिडिनियम या दुसऱ्या सेंद्रिय आयनाचा क्षार उष्णतेला अधिक टिकतो, पण थंड झाल्यावर त्याचे काळे रूप पिवळे पडू पाहते. त्यात थोडे सीझियम घालून ते सावरतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकून दक्षिण कोरियातील चोन्नाम विद्यापीठात गेलेले सावंता माळी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर सेंद्रिय आयनालाच फाटा दिला. सीझियम लेड आयोडाइडची दोन स्फटिकरूपे एकावर एक बसवून त्यांनी २०२३ मध्ये २१.५ टक्क्यांपलीकडची कार्यक्षमता नोंदवली. मुंबईच्या आयआयटीत दिनेश काब्रा यांचा गट सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट घट ठेवून जोडघट करतो. त्याची कार्यक्षमता २६ टक्क्यांहून अधिक आहे.

पॅनेलची प्रमाणित दमट-उष्ण चाचणी ८५ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास चालते. ओल शिरली तर काळा पापुद्रा पुन्हा पिवळा, म्हणजे नुसते लेड आयोडाइड होतो. चाचणी कडक खरी, पण १,००० तास म्हणजे जेमतेम ४२ दिवस. गच्चीवरच्या सिलिकॉन पॅनेलला हमी २५ वर्षांची मिळते.