तापीवरचा पूल आणि आपला इतिहास

भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी काही मिनिटांतच तापीच्या पुलावर येते. चाकांचा आवाज बदलतो आणि माणसं खिडकीशी सरकतात. कुणी हात जोडतं, कुणी पाण्यात नाणं टाकतं. माझी दादीही टाकायची. लहानपणी मी कारण विचारलं, तर म्हणाली, "बेटा, इसीका पानी पीते हम."

खानदेशातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपण फारुकी सुलतानांवर येतो. थाळनेरची थडगी, बुऱ्हाणपूरची जामा मशीद, १६०१ मध्ये अकबराने घेतलेला असीरगड, १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात वारलेली मुमताज महल. हे सगळं खरं आहे. पण त्यानंतरची पानं आपण कोरी सोडतो. ती या पुलावर वाचता येतात.

फारुकींची पहिली राजधानी थाळनेर आज धुळे जिल्ह्यात, तापीकाठी आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारे तांडे तिथे नदी ओलांडत. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याच वाटेने गेला. नदी कुठे ओलांडता येते, यावर गावांचं नशीब ठरत असे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. त्याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ पुढच्या दशकात भुसावळला पोहोचले. तिथे फाटे फुटले. नागपूरचा फाटा तापीच्या दक्षिणेनेच गेला. जबलपूरच्या फाट्याला मात्र नदी ओलांडणं भाग होतं. पावसाळ्यात तापी एका रात्रीत चढते, त्यामुळे पात्रातलं काम उघडिपीच्या महिन्यांतच उरकावं लागे. १८७० मध्ये जबलपूरला दोन कंपन्यांचे रूळ जुळले आणि मुंबई-कलकत्ता सलग रेल्वे झाली. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या नायकाची गाडीही बुऱ्हाणपुरात थांबते. म्हणजे कादंबरीतले तेही प्रवासी आपल्या तापीवरूनच गेले!

हा खटाटोप प्रवाशांच्या सोयीपुरता नव्हता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. खानदेश-वऱ्हाडचा कापूस लवकर बंदरावर हवा होता. रेल्वेने तो नेला आणि परतीला गिरणीचं स्वस्त कापड आणलं. ते आलं बुऱ्हाणपूर-धुळ्याच्या बाजारात, जिथे हातमागावर मोमीन घरं जगत होती. एकाच रुळाने शेतकऱ्याला गिऱ्हाईक दिलं आणि विणकराचं गिऱ्हाईक नेलं.

नकाशाही बदलला. थाळनेरचा उतार मागे पडला. बुऱ्हाणपूरचं स्टेशन शहराबाहेर लालबागला झालं. भुसावळ हे लहानसं गाव जंक्शन बनलं, जळगाव कापसाची पेठ झाली. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशचं ठाणं जळगावलाच आलं. धुळ्याला रेल्वे मिळाली ती १९०० मध्ये, चाळीसगावहून येणारा फाटा म्हणून.

भुसावळात कामासाठी ठिकठिकाणची माणसं आली. कोळसा टाकणारे, फिटर, गँगमन, खलाशी. त्यांत सगळ्या जातिधर्मांचे होते, मुसलमानही होते. रेल्वेच्या इतिहासात इंजिनिअर साहेबांची नावं सापडतात. दगड घडवणाऱ्यांची आणि पाट्या वाहणाऱ्यांची नाहीत.

म्हणून मला वाटतं, आपण फक्त सुलतानांचे वारस आहोत असं सांगणं अपुरं आहे. ते ऐकून दुसरा म्हणतो, तुमचं राज्य गेलं, आता तुमचं इथे काय? त्याचं उत्तर थडग्यांत शोधू नये. माग बंद पडला तरी जे इथेच राहिले आणि डब्बा घेऊन पहाटे शेडकडे गेले, त्यांच्यात ते आहे.

आपापल्या घरात कुणी रेल्वेत, मागावर, जिनिंगमध्ये होतं का, ते वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. दादीचं मी तेव्हा लिहून ठेवलं नाही. आता फक्त ते एक वाक्य उरलं आहे.