श्वान तिथेच घुटमळले

जिंतूर असो, सेलू असो की गंगाखेड. घरफोडीची बातमी उघडली की शेवटचा परिच्छेद पाठ असल्यासारखा येतो. ठसेतज्ज्ञ व श्वानपथकास पाचारण करण्यात आले. श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग दाखवला, मात्र तिथेच ते घुटमळले.

घरात आपण कुणी ‘श्वान’ म्हणत नाही. आपल्याकडे कुत्रं असतं. बातमीत आलं, वर्दीतल्या माणसासोबत आलं, की त्याचा श्वान होतो. पण या वाक्यातला खरा जुना शब्द आहे ‘माग’. त्याची गोष्ट सांगायची तर आधी एका इंग्रजी शब्दाकडे जावं लागेल.

इंग्रजीत गुप्तहेराला ‘स्लूथ’ म्हणतात. मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, ‘स्लोद’, आणि त्याचा अर्थ माग. स्कॉटलंडमध्ये माग काढणाऱ्या कुत्र्याला म्हणत स्लूथहाउंड, म्हणजे सरळ मराठीत मागाचं कुत्रं. तिथला राजा रॉबर्ट ब्रूस याच्या पाठीवर शत्रूंनी असं एक कुत्रं सोडलं होतं, आणि ते कधीकाळी त्यानेच पाळलेलं होतं म्हणे. 1375 च्या सुमारास जॉन बार्बरने लिहिलेल्या काव्यात ही कथा आहे. ब्रूस ओढ्यात उतरून पाण्यातून चालत गेला, वास तुटला आणि राजा वाचला. परभणीच्या श्वानाचं डांबरी रस्त्यावर जे होतं, तेच तिथे पाण्यात झालं.

पुढे इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवर गुरंचोरांचा इतका सुळसुळाट झाला की कुत्री घेऊन सीमेपलीकडेही माग नेण्याचा हक्क रीतीनेच मान्य होता. मग 1872 मध्ये न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात ‘ओल्ड स्लूथ’ नावाच्या गुप्तहेराची मालिका सुरू झाली. ती इतकी चालली की या शब्दावर मालकी सांगायला प्रकाशक कोर्टात गेला. शब्दातलं कुत्रं गळून पडलं आणि माणूस उरला, तोही नायक म्हणून. माग, मग कुत्रं, मग हुशार माणूस, अशी त्या शब्दाची बढती झाली.

आता आपल्याकडे या. ‘माग’ आला संस्कृत ‘मार्ग’वरून. मागोवा आणि मागमूस हे त्याचेच सगेसोयरे. पण आपल्या गावात माग कुत्रं काढत नव्हतं, माणूस काढायचा. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जिंकलेल्या मुलखाबद्दल अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदाराचं काम नोंदलंय. चोरी झाली की त्याने चोराच्या पावलांवरून शेजारच्या गावापर्यंत जायचं. तिथल्या राखणदाराची खात्री पटवायची, किंवा पावलाचं माप त्याच्या हवाली करायचं. ते माप तिथल्या ठशाशी जुळलं की पहिला मोकळा. पुढची जबाबदारी दुसऱ्या गावाची.

गोदाकाठच्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर एकदा चालून बघा. पाऊल कसं रुततं आणि ठसा किती वेळ टिकतो, हे पाहिलं की ही रीत कशी चालत असेल ते कळतं.

पण हे कसब ज्यांच्या अंगात सगळ्यात मुरलेलं होतं, त्यांचं काय झालं? पारधी हे नावच पारधीवरून, म्हणजे शिकारीवरून पडलं. तितर-लाव्यांना फासे लावणारे ते फासेपारधी. गवत कुठे दबलंय, पाखरू कुठून उठलं, हे वाचणं म्हणजे त्यांचं पोट. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि जन्मानेच माणूस संशयित ठरवणाऱ्या या याद्यांत पारध्यांचीही नोंद झाली. ज्या काळात तिकडे मागाचा शब्द नायकाला मिळत होता, त्याच काळात इकडे माग जाणणाऱ्यांचाच माग सुरू झाला.

31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा रद्द झाला. पुढे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा घातला. तो हवाच होता, पण पिढीजात धंद्याला पर्याय कुणी दिला? यादी कागदावरून गेली, डोक्यातून गेली नाही. मराठवाड्यात आजही गावात चोरी झाली की पहिलं बोट पालाकडे जातं. तिथे वास घ्यायला कुत्रंही लागत नाही.

म्हणून कोर्टाने कुत्र्याबद्दल काय म्हटलं, ते वाचण्यासारखं आहे. 1969 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसी कुत्र्याच्या मागाचा विचार केला. कुत्रं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो त्याचा हस्तक, म्हणजे ती ऐकीव गोष्ट झाली. शिवाय माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अंदाजावर टांगावं का, हा प्रश्न आहेच. अशा पुराव्याला एरवी फारसं वजन नसतं, असं न्यायालयाने म्हटलं. कुत्रं तपासाला दिशा देईल, दोष सिद्ध करणार नाही.

कुत्र्याच्या नाकाबद्दल इतकी सावधगिरी आपण बाळगतो. तेही पठ्ठं प्रामाणिक असतं. उन्हाने वास उडाला, वाऱ्याने पांगला, चोर गाडीत बसून गेला, की ते थांबतं. पुढचं ठाऊक नसताना पालाकडे धाव घेत नाही.

पुढच्या वेळी बातमीत ‘घुटमळले’ वाचलं की आपल्याला हसू येईल. येऊ दे. पण त्याच बातमीत त्याखाली कुणाला ‘संशयावरून ताब्यात’ घेतलंय तेही वाचा, आणि तिथवर माग कसा पोहोचला ते विचारा.