भंडारदऱ्याची भिंत : चुना, कातळ आणि पाणी

खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दाखला आम्ही बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु खडकालाही भेगा असतात आणि त्या भेगांतून पाणी शिरते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील आम्हां लोकांना शिकविले ते अकोले तालुक्यातील भंडारदरा धरणाने.

प्रवरेवरील या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन होऊन त्यांचेच नाव धरणास मिळाले. सुमारे २७० फूट उंचीची ही भिंत सह्याद्रीच्या कातळावर दगडचुन्यात उभारलेली आहे. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कालव्यांनी तिचे पाणी राहुरी-श्रीरामपूरच्या काळ्या जमिनीत नेले; ऊस आला, साखर कारखाने आले. मतमाउलीच्या यात्रेस हरेगावला जाताना वाटेत जी उसाची शिवारे लागतात, त्यांचे मूळ या भिंतीपाशी आहे.

चुन्याला आज आम्ही कमी लेखतो, ते बरोबर नाही. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्याने विझवायची आणि वाळूसह बैलांच्या घाणीत मळायची, हे मोठ्या कसबाचे काम होते. नुसता चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो. जाड भिंतीच्या पोटात मात्र ही हवा पोहोचत नाही. म्हणून पाण्यातील कामांसाठी त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळण्याची रीत आपल्या देशात होती. सुरखीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि मिश्रण पाण्यातही घट्ट होते. रोमन लोक हेच कार्य ज्वालामुखीच्या राखेकडून करवून घेत. इ. स. ६०९ मध्ये ज्याचे ख्रिस्तमंदिर झाले, त्या रोममधील पँथियनचा घुमट आजही त्या बळावर उभा आहे.

असे असता १९६९ साली भंडारदऱ्याच्या भिंतीस तडे का गेले आणि पाणी जोराने का पाझरू लागले? खाली सारे प्रवरेचे खोरे होते. प्रश्न केवळ दुरुस्तीचा नव्हता.

असे धरण स्वतःच्या वजनावर उभे असते. मागचे पाणी त्यास पुढे ढकलते, वजन त्यास जागेवर धरते. पण पायाच्या कातळातील भेगांत आणि दगडांच्या सांध्यांत शिरलेले पाणी भिंतीला खालून वर उचलू पाहते; तेवढे वजन जणू हलके होते. फ्रान्समधील बूझे धरण १८९५ मध्ये फुटून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, तेव्हा या दाबाकडे अभियंत्यांचे लक्ष गेले. तरीही पुढे कित्येक वर्षे धरणांच्या हिशेबात तो पुरेसा धरला जात नसे. आमच्या मते भंडारदऱ्यास दोष द्यायचा तो चुन्याला नव्हे, या हिशेबाला.

दुरुस्तीही त्याच दिशेने झाली. पोलादी केबली ताणून भिंत खालच्या कातळाशी जखडण्यात आली आणि मागाहून तिच्या पाठीशी भक्कम टेकू उभारून तिला कायमचा आधार देण्यात आला. अलीकडच्या धरणांत तर आधीच पायाच्या कातळात भोके पाडून सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरतात आणि तरीही झिरपलेल्या पाण्यास बाहेर पडण्यासाठी निराळी भोके ठेवतात. पाणी अडविणे आणि त्यास वाट देणे, दोन्ही करावे लागते.

चुन्याची जागा सिमेंटने घेतली, त्याची किंमत आता कळू लागली आहे. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे सात-आठ टक्के सिमेंटमुळे होते. त्यासाठी भट्टी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि चुनखडीतूनही तो वायू सुटतो. स्वित्झर्लंड, क्यूबा व भारतातील संशोधकांनी यावर जो उपाय काढला, त्यात सिमेंटचा बराच भाग वगळून सुमारे ८०० अंशांवर भाजलेली माती आणि चुनखडीची पूड घालतात. अशा सिमेंटसाठी भारतीय मानक २०२३ साली निघाले. भाजलेली माती म्हणजे आमच्या गवंड्यांच्या सुरखीचीच जवळची नातलग. चुन्याच्या घाणीची दगडी चाके मात्र अजून गावोगाव मातीत रुतून पडलेली दिसतात.