संपबंदीचा अधिकार आणि त्याची मर्यादा

रायपूरजवळील उरला औद्योगिक क्षेत्रात प्रामुख्याने लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. १९९० च्या सुमारास छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली भिलाई, उरला आदी ठिकाणच्या कामगारांनी कायम नोकरी व जीवनवेतनासाठी आंदोलन उभारले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगी यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईतील पोलीस गोळीबारात १५ हून अधिक जण मृत्युमुखी पडले.

अशा उद्योगातील संपावर शासनाने बंदी घालावी काय? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार लोखंड-पोलाद उद्योग ठरावीक मुदतीसाठी सार्वजनिक उपयोगिता सेवा म्हणून घोषित करता येत असे. त्यानंतर पूर्वसूचनेविना केलेला संप बेकायदा ठरे. विवाद न्यायाधिकरणाकडे सोपविल्यास चालू संपही शासनाला थांबविता येई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्वसूचनेची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना लावली आहे.

संप हा मूलभूत हक्क नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची कसोटी मात्र निराळी आहे. ज्या सेवा बंद पडल्यास लोकांचे प्राण, सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येते, तेथे संपबंदी ग्राह्य मानली जाते. परंतु निःपक्षपाती व जलद लवादाची सोय असावी लागते. रुग्णालये व पाणीपुरवठा या कसोटीस उतरतात; पोलादाची भट्टी सामान्यतः उतरत नाही, कारण तिचे नुकसान पैशांत भरून निघू शकते. कामगाराचे संपाचे साधन काढून घेणाऱ्या शासनावर त्याच्या मागण्यांचा वेळेत निवाडा करविण्याची जबाबदारीही येते.